सतरा

पूर्णा जंक्शन, रेल्वे इन्स्टिट्यूट, गुरुवार.
टेबलाच्या एका पायाखाली जुनं टाइमटेबल घडी करून ठेवलंय,
तरी ते डुगडुगतंच,
नांदेडकडून मालगाडी आली की जास्त.

लिंबराज दुधमल, रिटायर्ड गार्ड, माझा भिडू.
त्यानं पत्ते लावले, चष्मा पुसला
आणि म्हणाला, एक नोट्रम्प.
म्हणजे सोळा ते अठरा. चारही घरांत दिवा.
आम्ही जुन्या वळणाचे,
पंधरावर आमचा भरवसा नाही.

नागोराव पास.

माझ्या हातात सोळा.
इस्पिकचा एक्का आणि गुलाम, बदामचे राजाराणी,
चौकटचा एक्का, किलवरची एकटी राणी.
त्याचे सोळा असले तर बत्तीस, गाडी आउटरलाच उभी.
अठरा असले तर चौतीस, लाइन क्लियर.
मधे सतरा.
सतराचं ज्याचं त्यानं बघायचं.

मी म्हणाले, चार नोट्रम्प.

हेच चार नोट्रम्प चौऱ्याण्णव साली विचारलं होतं,
अकोल्याची लाइन अजून मीटरगेज होती तेव्हा,
आणि त्यानं एक्के मोजून सांगितले:
पाच चौकट, म्हणजे एक.
पाच नोट्रम्पवर लटकलो, एका हातानं बुडालो.
सायकलचं कुलूप काढताना म्हणाला,
"सिस्टर, नीट विचारायचं की ओ."
नीटच विचारलं होतं.
रंग बोलल्यावर तेच शब्द एक्के विचारतात,
नोट्रम्पनंतर विचारतात,
तू म्हणालास त्यातलं तुझ्यात किती आहे,
तळाशी, की काठोकाठ?

मी तरी काय वेगळं केलं.
आमचे हे गेले त्या वर्षी, तीन नंबर प्लॅटफॉर्मवर
हिरवी झेंडी बगलेत धरून त्यानं विचारलं,
"कसं काय, सिस्टर?"
मी म्हणाले, या महिन्यात अकरा नाइट झाल्या,
दोन बाळंतिणी आहेत, सलाइन संपलंय.
एक्के मोजून दिले.
शिट्टी झाली. तो ब्रेकव्हॅनकडं चालत गेला.

हबीबखानही पास.
आता लिंबराज.
मी खिडकीबाहेर बघते,
त्याच्या तोंडाकडं बघणंसुद्धा इथं चोरी,
भुवई हलली तरी बेइमानी.
बाहेर वाघिणी चालल्यात, कोळशाच्या.
तो मोजत असणार,
चाळीस वर्षं मोजल्यात, सुटत नाही.

सहा नोट्रम्प.

नागोरावनं बदामचा गुलाम टाकला
आणि मी माझे तेरा पत्ते उघडे मांडले.
विचारणाऱ्यानंच सगळं उघडं करायचं
आणि शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही.
डमी म्हणतात त्याला.

किलवरचा एक हात गेला, राजाच्या घशात.
बाकी अकरा आपले, बारावा इस्पिकच्या राणीपाशी अडकलेला,
ती डावीकडं का उजवीकडं, देव जाणे.
लिंबराज देवाला विचारत नाही.
तिसऱ्या बदामला हबीबखानकडं बदाम नाही,
तिसऱ्या किलवरला किलवर नाही,
तिसऱ्या चौकटला नागोराव संपला.
पाच बदाम, दोन चौकट, पाच किलवर.
नागोरावकडं इस्पिक एकच.
"इस्पिक एक्का," तो म्हणाला.
नागोरावची सत्ती पडली.
"आता गुलाम."
हबीबखाननं राणी टाकायच्या आधीच
पत्ते ठेवून दिले, "ले लो साहब."

नंतर मी विचारलं, किती होते?
"सतरा."
मग चढलात कामून?
त्यानं चौकटची दश्शी शोधून दाखवली, जशी काय सर्विसबुकातली नोंद.
मग ती परत गड्डीत खुपसली
आणि खाली बघत म्हणाला,
"तुम्ही विचारलं म्हणून."

मी पत्ते गोळा केले, मोजले, बावन्न भरले.
टेबल हलायला लागलं होतं,
परभणीकडून काहीतरी येत होतं.